यूसुफ शाहीन समजून घेताना: पैसा कोणाचा, गोष्ट कोणाची?

कैरोचं मुख्य रेल्वे स्टेशन, साल १९५८. उभ्या गाडीच्या डब्यात तरुण पोरांचं टोळकं वाद्यं वाजवतंय आणि थंड पेयाच्या बाटल्या विकणारी हनूमा त्यांच्या मधोमध नाचतेय. तिच्याकडे विक्रीचा परवाना नाही. पोलीस दिसला की पळायचं आणि गाडी लागली की चढायचं, असा तिचा रोजचा दिवस. डब्याच्या बाहेर, खिडकीपाशी, पायाने अधू असलेला एक पेपरवाला उभा आहे. त्याचं नाव किनावी. आतलं नाचगाणं बघून तोही लहान मुलासारखा हरखतो, डोलू लागतो. पण तो आहे बाहेरच. आत यायला त्याला कुणी बोलवत नाही.

किनावीचं काम करणारा हा नटच चित्रपटाचा दिग्दर्शक आहे. यूसुफ शाहीन. तेव्हा त्याचं वय बत्तीस. ज्याच्याकडे कुणी धड बघतही नाही अशा माणसाची भूमिका त्याने स्वतःकडे घेतली आणि ती इतकी आतून केली, की आज इतक्या वर्षांनी बघतानाही अंगावर काटा येतो.

शाहीनबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. त्याचे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहायला घेतले की माणूस गोंधळतो, हेही खरं. १९५० ते २००७ या काळात त्याने लहानमोठे मिळून चाळीसच्या आसपास चित्रपट केले. त्यांत ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची कथा आहे, धर्मयुद्धांचा भव्य रंगीत इतिहासपट आहे, गायिका फैरूझची गाणी असलेला लेबनॉनमधला संगीतपट आहे, आस्वान धरणावरचा चित्रपट आहे, स्वतःच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेवरचा आहे आणि बाराव्या शतकातल्या एका तत्त्वज्ञावरचाही आहे. हे सगळं एकाच माणसाचं आहे यावर सहजी विश्वास बसत नाही.

मला विचाराल तर हा गुंता सोडवायला दोन साधे प्रश्न पुरतात. चित्रपटाला पैसा कुणी दिला? आणि त्यातली गोष्ट नेमकी कुणाची आहे? शाहीनच्या आयुष्यात पैसा देणारे बदलत गेले: आधी कैरोचे खासगी निर्माते, मग इजिप्तचं सरकार, मग अल्जीरिया, मग फ्रान्स. देणारा बदलला की चित्रपटाचं रूपही बदलायचं. गोष्ट मात्र तो दर वेळी थोडी अधिक स्वतःकडे ओढत गेला.

अलेक्झांड्रियाचा मुलगा

शाहीनचा जन्म २५ जानेवारी १९२६चा, अलेक्झांड्रियातला. वडील लेबनॉनमधून आलेल्या घराण्यातले वकील, आईचं मूळ ग्रीक, घर ख्रिस्ती. त्या काळी हे शहर अनेक भाषांत बोलायचं. ग्रीक, इटालियन, आर्मेनियन, ज्यू, सीरिया-लेबनॉनकडून आलेली कुटुंबं आणि इजिप्शियन मुसलमान, सगळे एकाच समुद्रकिनाऱ्यावर फिरायला यायचे. शाहीन आधी फ्रेंच शाळेत, नंतर इंग्रजी वळणाच्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकला. सधन मुलांच्या शाळेत शिकणारा, घरी पैशाची ओढाताण बघणारा आणि मनातून अमेरिकन संगीतपटांचा वेडा, असा हा मुलगा. दुसरं महायुद्ध संपल्यावर घरच्यांनी कसेबसे पैसे उभे केले आणि तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना प्लेहाउसमध्ये नाट्यशिक्षणासाठी गेला. व्हायचं होतं नट. परत आला तो दिग्दर्शक व्हायचं ठरवून.

परत आल्यावर त्याला कैरोत तयार इंडस्ट्री सापडली, हे लक्षात घ्यायला हवं. तलाअत हर्ब या उद्योगपतीच्या बँक मिस्रने १९३५मध्ये स्टुडिओ मिस्र उभारला होता. इजिप्तचे चित्रपट, त्यांतली गाणी, नाच आणि रडवणारी कथानकं बगदादपासून मोरोक्कोपर्यंत पोचत होती. आज अरबी जगातल्या कुठल्याही देशातल्या माणसाला कैरोची बोली कळते, त्यामागे हे चित्रपट आणि इजिप्तची गाणी आहेत. लिहायची अरबी सगळीकडे साधारण एकच आहे. बोलायची मात्र देशागणिक इतकी बदलते, की मोरोक्कोचा आणि इराकचा माणूस एकमेकांसमोर अडखळतो. कैरोची बोली दोघांनाही समजते, कारण दोघांनीही लहानपणापासून ती पडद्यावर ऐकलेली असते. म्हणून कैरोत चित्रपट काढणं म्हणजे सगळ्या अरबी जगाशी बोलणं. शाहीनला ही जबाबदारी आयतीच मिळाली.

इजिप्तमध्ये स्थायिक झालेला इटालियन छायाचित्रकार आल्विझे ओर्फानेली याच्या मदतीने त्याला दार उघडलं. १९५०चा ‘बाबा अमीन’ हा त्याचा पहिला चित्रपट. तेव्हा तो पंचविशीचाही झालेला नव्हता.

उसाचं शेत आणि नवा नायक

१९५२च्या जुलैमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूखला गादीवरून उतरवलं. पाठोपाठ जमीन सुधारणा आल्या आणि बड्या जमीनदारांच्या, म्हणजे पाशांच्या, जमिनींना मर्यादा लागली. १९५४मध्ये आलेल्या शाहीनच्या ‘सिरा फिल वादी’त, म्हणजे ‘खोऱ्यातला संघर्ष’मध्ये, हाच काळ श्वास घेतोय. गावातला तरुण शेतकी इंजिनियर गावकऱ्यांचा ऊस पाशाच्या उसापेक्षा सरस करून दाखवतो आणि पाशा सूड म्हणून गावात पाणी सोडतो. ऊस, कारखाना, पाणी सोडणारा मोठा माणूस: मराठी वाचकाला यातलं काहीच समजावून सांगायची गरज नाही. शेवट कर्नाकच्या प्राचीन मंदिराच्या अजस्र खांबांमध्ये होतो. त्या खांबांमधून माणसं धावतात तेव्हा ती मुंगीएवढी दिसतात.

या चित्रपटासाठी शाहीनने मिशेल शलहूब नावाच्या एका कोऱ्या तरुणाला नायक केलं आणि समोर उभी केली फातिन हमामा, जी तेव्हाच मोठी तारका होती. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. त्या तरुणाचं पडद्यावरचं नाव ओमर शरीफ. १९६२मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त डेव्हिड लीनने त्याला वाळवंटातून उंटावर बसवून जगापुढे आणलं. त्याला हेरणारा मात्र शाहीन, तोही आठ वर्षं आधी.

प्रेक्षकांनी तोंड फिरवलं

आता पुन्हा रेल्वे स्टेशनकडे येऊ. त्या चित्रपटाचं नाव ‘बाब अल-हदीद’. शब्दशः अर्थ लोखंडी दरवाजा, आणि स्टेशनच्या परिसराचं जुनं नावही तेच.

चित्रपटाला धागे तीन आहेत. पहिला किनावीचा. पेपरच्या टपरीच्या म्हाताऱ्या मालकाने, मदबूलीने, त्याला दया येऊन काम आणि आसरा दिलाय. मासिकांतल्या बायकांची चित्रं कापून तो आपल्या खोपटाच्या भिंतीला लावतो. त्याला हनूमा हवी आहे. दुसरा धागा हनूमाच्या होणाऱ्या नवऱ्याचा, अबू सिरीचा. तो स्टेशनवर हमाल आहे आणि मुकादमाच्या जाचाला कंटाळून हमालांची युनियन काढायच्या धडपडीत आहे. (आपला ‘हमाल’ हा शब्द मुळात अरबीच. पुण्याच्या हमाल पंचायतीचं काम माहीत असलेल्याला हा धागा लगेच आपला वाटेल.) तिसरा धागा खुद्द स्टेशनचा: येणारी-जाणारी माणसं, निरोप, गर्दी, वाफ, शिट्ट्या. किनावीचं झुरणं हळूहळू वेडाकडे जातं आणि तो सुरी विकत घेतो.

या चित्रपटाला मी पुन्हा पुन्हा परत येतो तो त्याच्या शेवटासाठी. किनावी रुळांवर हनूमाला धरून बसलाय, हातात सुरी. मदबूली हळूहळू जवळ जातो. आवाजात बापाची माया. ‘चल, तुझं लग्न लावून देतो हनूमाशी. हे घे, लग्नाचे कपडे घाल.’ किनावीला खरं वाटतं. तो हात पुढे करतो. मग बाह्या लांब का आहेत, त्या पाठीमागे का बांधतायत, हे त्याच्या लक्षात येतं. कारण ते लग्नाचे कपडे नसून वेड्याला बांधून ठेवायचा सदरा असतो. त्यानंतरची त्याची किंकाळी विसरता येत नाही. मदबूलीने दुसरं काय करायला हवं होतं? एका मुलीचा जीव वाचवायचा तर दुसऱ्याचा विश्वास मोडणं भाग होतं. शाहीन दोघांपैकी कुणालाही सोडवत नाही.

कैरोच्या प्रेक्षकांना हा चित्रपट आवडला नाही. का, ते समजून घेण्यासारखं आहे. अबू सिरीचं काम करणारा फरीद शौकी म्हणजे तेव्हाचा पिटातल्या प्रेक्षकांचा राजा. हिंद रुस्तुम म्हणजे पडद्यावरची सर्वांत मादक नटी. या दोघांची नावं वाचून लोक हाणामारी आणि नाचगाणं बघायला आले. त्यांच्यापुढे आला एक लंगडा, भुकेला, आजारी मनाचा पेपरवाला, आणि गोष्ट निघाली त्याची. लोकांना फसवल्यासारखं वाटलं. चित्रपट बर्लिन महोत्सवात गेला खरा, पण घरी पडला. पुढे कित्येक वर्षांनी नव्या पिढीने तो उकरून काढला आणि आज तो अरबी सिनेमाच्या शिखरांपैकी एक गणला जातो.

शाहीनला पडद्यावर ‘मी’ म्हणायची पहिली ठेच इथे लागली, असं माझं मत आहे. किनावी हे काही त्याचं आत्मचरित्र नव्हे. पण दिग्दर्शकाने स्वतःचं शरीर, स्वतःचा चेहरा, स्वतःची अपुरी वासना कॅमेऱ्यापुढे ठेवणं हे उघडं होणंच होतं. लोकांनी ते नाकारलं. त्यानंतर जवळपास वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिला, देशाच्या गोष्टी.

सरकार निर्माता होतं तेव्हा

त्याच वर्षी त्याने ‘जमीला’ केला, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या जमीला बूहिरेदवर. ती तेव्हा फ्रेंचांच्या तुरुंगात होती. तिला फाशीची शिक्षा झाली होती आणि ती नुकतीच रद्द होऊन जन्मठेप झाली होती. युद्ध चालू होतं. चालू युद्धातल्या जिवंत कैद्यावर चित्रपट काढणं म्हणजे काय, याचा अंदाज त्यावरून यावा.

मग १९६३चा ‘सलाहुद्दीन’. जेरुसलेम परत जिंकणारा बाराव्या शतकातला सुलतान, हजारो माणसांचा फौजफाटा आणि झगझगीत रंग. चित्रपटाच्या मूळ नावात सुलतानाची ‘अन-नासिर’ ही पदवी आहे, म्हणजे विजयी करणारा. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाचं नाव गमाल अब्देल नासर. हा श्लेष शाळकरी पोरालाही कळत होता. अरबांना एकत्र आणणारा नेता आठशे वर्षांपूर्वी होता आणि आज पुन्हा आहे, असं चित्रपट सांगतो. सुलतान झालेला अहमद मझहर हा स्वतः माजी घोडदळ अधिकारी.

या चित्रपटातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट एका दुय्यम पात्राची आहे. इसा अल-अव्वाम हा इतिहासात सलाहुद्दीनच्या बाजूचा पोहणारा दूत, मुसलमान. शाहीनच्या चित्रपटात तो ख्रिस्ती अरब आहे. हे अज्ञानातून झालेलं नाही. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती घरातला दिग्दर्शक सरकारी अभिमानाच्या चित्रपटात हळूच सांगतोय, की या लढ्यात मीही आहे, हा देश माझाही आहे. सगळे पात्र ग्रांथिक अरबीत बोलतात, तलवारी खणखणतात, पण मधेच त्या एका बदलातून दिग्दर्शकाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो.

साठच्या दशकात इजिप्तच्या सरकारने बँका, कारखाने आणि त्यांच्याबरोबर चित्रपटधंद्याचा मोठा भागही आपल्याकडे घेतला. आता निर्माता म्हणजे सरकारी महामंडळ. याचे फायदे होते. खासगी निर्मात्याने कधी हात लावला नसता असे विषय पुढे आले. पण फाइल, मंजुरी, साहेबांची मर्जी हेही त्याच्याबरोबर आलं. शाहीनचं पटेना. तो काही काळ लेबनॉनला निघून गेला. तिथे १९६५मध्ये रहबानी बंधूंच्या संगीतावर आणि फैरूझच्या आवाजावर ‘बय्या अल-खवातिम’ केला, अंगठ्या विकणाऱ्याची गोष्ट. पहाडातल्या गावाचा सगळा देखावा, बाहुल्यांच्या खेळासारखा. शाहीनला अमेरिकन संगीतपटांचं वेड होतं म्हणालो ना, ते इथे मनसोक्त फिटलेलं दिसतं.

सरकारी पैशाचा दुसरा अनुभव आस्वान धरणाचा. सोव्हिएत संघाच्या मदतीने नाईलवर मोठं धरण बांधलं जात होतं आणि त्यावर दोन्ही देशांना मिळून चित्रपट हवा होता. शाहीनने केला. त्यात रशियन आणि इजिप्शियन कामगार, त्यांचं घरापासून तुटणं, पाण्याखाली जाणारी न्यूबियन गावं, अशी माणसांची बाजू आली. तो दोन्ही सरकारांना पसंत पडला नाही. दुसरा चित्रपट करून द्यावा लागला, तो १९७२मध्ये लागला. पहिल्याची प्रत शाहीनने पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेझकडे पोचवली, म्हणून ती वाचली. धरणाचं कौतुक हवं असणाऱ्याला बुडणाऱ्या गावाचा चेहरा नको असतो. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाण्याची पाळी

आणि तरीही त्याच सरकारी महामंडळाच्या पैशावर त्याने ‘अल-अर्द’ केला. ‘जमीन’. मला विचाराल तर हाच त्याचा सर्वांत मोठा चित्रपट.

कथा अब्द अर-रहमान अश-शरकावी यांच्या १९५४च्या कादंबरीची. काळ १९३०च्या दशकाचा, जागा नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं एक कापूस पिकवणारं गाव. सरकारचा हुकूम येतो: शेतीला पाणी महिन्यात दहा दिवस मिळायचं, ते आता पाचच दिवस मिळेल. वर बड्या जमीनदाराला आपल्या वाड्यापर्यंत रस्ता हवाय, आणि तो नेमका यांच्या शेतांतून जाणार. गाव अर्जविनंत्या करतं, भांडतं, फुटतं, पुन्हा जवळ येतं. मध्यभागी आहे अबू सुवैलम, १९१९च्या ब्रिटिशविरोधी उठावात भाग घेतलेला म्हातारा शेतकरी. महमूद अल-मिलीगी या नटाने तो केलाय. आयुष्यभर खलनायकाची कामं केलेला हा नट. त्याच्या रापलेल्या चेहऱ्यातला शेतकरी शाहीनला दिसला.

एक प्रसंग जवळून बघू. पाळीच्या पाण्यावरून शेतकऱ्यांत मारामारी जुंपलीय. काठ्या चालतायत, डोकी फुटतायत, काल एकत्र जेवणारे आज एकमेकांच्या नरडीला लागलेत. तेवढ्यात रहाटाच्या खड्ड्यात एक गाय पडते. ओरडा होतो. आणि भांडण जागच्या जागी थांबतं. ज्यांच्या हातात काठ्या होत्या तेच आता चिखलात उतरून गायीला खालून रेटतायत, वरून ओढतायत, एकमेकांना आवाज देतायत. गाय बाहेर येते. सगळे चिखलाने माखलेले, दमलेले, आणि कशावरून भांडत होतो ते क्षणभर कुणालाच आठवत नाही. शेतकऱ्यांची एकी यावर हजार भाषणं झाली असतील. शाहीनने ती गायीच्या पोटाखाली लावलेल्या खांद्यांत दाखवली.

पुढे पोलीस अबू सुवैलमला पकडून नेतात, तुरुंगात त्याची मिशी उतरवतात. खेड्यातल्या वयस्क माणसाची मिशी उतरवणं म्हणजे त्याला नागवं करणं. आणि शेवटी, कापूस वेचणीला आलेला असताना, घोडेस्वार त्याला दोरीने बांधून स्वतःच्याच शेतातून फरफटत नेतात. कॅमेरा त्याच्या हातावर येतो. रक्ताळलेली बोटं मातीत रुततात, कापसाची झाडं धरू बघतात, सुटतात, पुन्हा धरतात. चित्रपट तिथेच संपतो.

सरकारने असा चित्रपट कसा करू दिला? कारण काळ राजाचा होता, जमीनदार राजवटीतला होता. नव्या सरकारला तो जुन्या अन्यायाचा पुरावा वाटू शकत होता. पण चित्रपट लोकांसमोर आला तो १९६७च्या पराभवानंतर. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई घेतला होता. आपल्या जमिनीला बोटं रुतवून धरणारा म्हातारा बघताना इजिप्तच्या प्रेक्षकाला काय आठवलं असेल, हे उघड आहे. सेन्सॉर असलेल्या देशात गोष्ट जुन्या काळात नेऊन आजची करायची, ही शाहीनची आवडती रीत. ती पुढेही दिसते.

१९७२मध्ये त्याने तो आडपडदाही सोडला. ‘अल-उस्फूर’, म्हणजे चिमणी, हा थेट १९६७च्या पराभवावरचा चित्रपट. त्याचं म्हणणं असं, की युद्ध आघाडीवर हरलो त्याआधी आपण ते देशातल्या चोरांपुढे हरलो होतो. शेवटी नासर टीव्हीवर पराभव कबूल करून राजीनामा जाहीर करतो. लोक सुन्न. तेवढ्यात बहिय्या ही साधी शिवणकाम करणारी बाई घरातून रस्त्यावर धावत सुटते: ‘नाही! आम्ही लढणार!’ आणि खिडक्यांतून, गल्ल्यांतून माणसं तिच्यामागे बाहेर पडतात. या वेळी पैसा शाहीनच्या स्वतःच्या नव्या कंपनीचा, मिस्र इंटरनॅशनलचा, आणि अल्जीरियाच्या सरकारी चित्रपट संस्थेचा होता. म्हणून तो बनू शकला. इजिप्तच्या सेन्सॉरने मात्र तो १९७४पर्यंत अडकवून ठेवला.

आता गोष्ट माझी

सत्तरच्या दशकात शाहीनच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. सतत सिगारेट ओढणारा, झपाट्याने बोलणारा, सेटवर स्वस्थ न बसणारा माणूस ऑपरेशन टेबलवर गेला आणि परतला तो एक निर्णय घेऊन: दुसऱ्यांच्या गोष्टी खूप सांगितल्या, आता स्वतःची सांगायची.

‘इस्कंदरिय्या... लेह?’, म्हणजे ‘अलेक्झांड्रिया... का?’, हा त्याचा परिणाम. १९४२, जर्मन सेनापती रोमेलचं सैन्य जवळच्या अल-अलमैनपर्यंत आलेलं, शहर बॉम्बच्या सावलीत, आणि यहया नावाचा शाळकरी मुलगा हॅम्लेटची स्वगतं म्हणत अमेरिकेला जायची स्वप्नं बघतोय. यहया म्हणजे शाहीन. आपल्या घरातली पैशाची चणचण, लाज, महत्त्वाकांक्षा असं सगळं दिग्दर्शकाने उघड्यावर मांडायचं, हे अरबी सिनेमात तोवर जवळजवळ झालंच नव्हतं. चित्रपटात एक ज्यू कुटुंबही आहे, प्रेमाने रंगवलेलं, आणि त्या घरच्या मुलीचं एका मुसलमान तरुणावर प्रेम आहे. चित्रपट आला तेव्हा इजिप्त-इस्रायल समेटाचा कॅम्प डेव्हिड करार नुकताच झाला होता, त्यामुळे बाकीच्या अरब देशांत यावरून वादळ उठलं. शाहीन करारासाठी वकिली करत नव्हता. तो आपल्या लहानपणीचे शेजारी आठवत होता. १९७९मध्ये या चित्रपटाला बर्लिनमध्ये परीक्षकांचं विशेष रौप्य अस्वल मिळालं.

शेवटचं दृश्य सांगायलाच हवं. यहया एकदाचा जहाजाने न्यूयॉर्कला पोचतो, डोळे मोठे करून स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे बघतो, आणि पुतळ्याच्या जागी दिसते भडक रंगवलेली, दात पडलेली, खदाखदा हसणारी बाई. ज्या देशावर पोरगेल्या वयात जीव जडला त्याबद्दलची सगळी निराशा त्या हसण्यात आहे.

पुढचा भाग ‘हद्दूता मिस्रिय्या’, १९८२चा. यहया आता दिग्दर्शक आहे, त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालू आहे, आणि त्याच्या छातीच्या आत कोर्ट भरलंय. आरोपी कोण? त्याचंच लहानपण. आई, बहीण, बायको, सगळे साक्षीला. कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पडद्यावर ती फार खरी वाटते. १९९० आणि २००४मध्ये या मालिकेचे आणखी दोन भाग आले. ते मला तितके भिडत नाहीत. स्वतःबद्दल बोलता बोलता माणूस कधी स्वतःतच गुरफटतो, तसं तिथे झालंय.

या टप्प्यावर पैसा मुख्यतः फ्रान्समधून येऊ लागला. ‘वदाअन बोनापार्त’मध्ये (१९८५) नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतला लाकडी पायाचा सेनानी काफारेली आहे, मिशेल पिकोलीने केलेला. तो इजिप्तच्या तरुणांशी मैत्री करू बघतो. फ्रान्समध्ये काहींना त्यांचा नेपोलियन हास्यास्पद केल्यासारखा वाटला, आणि इजिप्तमध्ये काहींना आक्रमकाशी मैत्री का दाखवली याचा राग आला. पुढच्या वर्षी ‘अल-यौम अस-सादिस’मध्ये त्याने फ्रान्सची गायिका दालिदा हिला, जी मुळात कैरोत वाढलेली, १९४७च्या कॉलऱ्याच्या साथीत आजारी नातवाला लपवत फिरणारी धोबीण केलं. झगमगीत गाऊनमधल्या दालिदाला काळ्या कपड्यात, थकलेल्या चेहऱ्याने बघणं हा धक्काच आहे.

शाहीन फ्रेंचांसाठी चित्रपट काढतो, हा आरोप त्याच्यावर शेवटपर्यंत झाला. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या उत्तरार्धातली काही पात्रं कैरोच्या गल्लीपेक्षा महोत्सवाच्या सभागृहाशी जास्त बोलतात. पण घरचा सेन्सॉर, घरचा आटलेला निधी आणि घरच्या निर्मात्यांची भीती यांत अडकलेल्या माणसाने चित्रपट काढायचेच नाहीत, हा दुसरा पर्याय होता. तो त्याने घेतला नाही.

जळणारं पुस्तक

नव्वदचं दशक इजिप्तसाठी भीतीचं होतं. लेखक फरग फौदा यांना १९९२मध्ये धर्मांध अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये ऐंशी ओलांडलेल्या कादंबरीकार नगीब महफूझ यांच्या मानेत सुरा खुपसला गेला. ते वाचले, पण लिहायचा हात गेल्यातच जमा झाला. महफूझ म्हणजे शाहीनचे जुने सहकारी; ‘जमीला’ आणि ‘सलाहुद्दीन’च्या पटकथांत त्यांचा हात होता. त्याच वर्षी शाहीनचा ‘अल-मुहाजिर’ आला. वाळवंटातून शेती शिकायला इजिप्तला आलेल्या रामची गोष्ट, बायबल आणि कुराण दोन्हींतल्या यूसुफवर बेतलेली. इस्लाममध्ये यूसुफ पैगंबर आहे आणि पैगंबर पडद्यावर दाखवायचा नसतो. खटला झाला. न्यायालयाने बंदी घातली, १९९५मध्ये ती उठली.

शाहीनने उत्तर दिलं ते पुन्हा जुन्या रीतीने, आठशे वर्षं मागे जाऊन. १९९७चा ‘अल-मसीर’ हा इब्न रुश्दवरचा चित्रपट. स्पेनमधल्या कुर्तुबाचा (कोर्दोबाचा) हा काझी, वैद्य आणि तत्त्वज्ञ. ॲरिस्टॉटलवरच्या त्याच्या भाष्यांनी युरोपची विद्यापीठं घडवली. धर्म आणि बुद्धी यांचं भांडण नाही, असं मांडणाऱ्या या माणसाला खलिफाने ११९५मध्ये हद्दपार केलं आणि त्याची पुस्तकं जाळली. चित्रपट सुरू होतो फ्रान्समध्ये: इब्न रुश्दचं भाषांतर केलं म्हणून चर्च एका माणसाला जिवंत जाळतंय. म्हणजे आग दोन्ही बाजूंना आहे, हे पहिल्याच दृश्यात ठरतं. मधे गाणी आहेत, नाच आहे, जेवणाच्या पंगती आहेत; तत्त्वज्ञ घरात हसतो, खातो, बायकोशी थट्टा करतो. कट्टरपंथी मात्र हिरव्या झग्यांतला एकसारखा जमाव होऊन येतात, तिथे चित्रपट सोपा होतो, असं मला वाटतं. पण शेवट त्याची भरपाई करतो. पुस्तकं जळत असतात. शिष्यांनी प्रती हाताने लिहून आधीच दूर देशी पोचवलेल्या असतात. ते कळल्यावर इब्न रुश्द आनंदाने, स्वतःच्या हाताने, एक पुस्तक उचलून आगीत टाकतो.

त्याच वर्षी कान महोत्सवाने आपल्या पन्नासाव्या वर्षाचं खास पारितोषिक शाहीनला, त्याच्या एकूण कामासाठी दिलं.

शेवटचा चित्रपट ‘हिया फौदा’, ‘हा गोंधळ आहे’, २००७चा, खालिद यूसुफ या शिष्याबरोबर केलेला. कैरोच्या शुब्रा वस्तीतला एक लाचखोर, क्रूर पोलीस, आणि अखेर पोलीस ठाण्यावर चालून जाणारी वस्ती. पुढच्या वर्षी जूनमध्ये शाहीनला मेंदूत रक्तस्राव झाला. २७ जुलै २००८ला तो कैरोत गेला, आणि दफन झालं अलेक्झांड्रियात. अडीच वर्षांनी, २५ जानेवारी २०११ला, पोलीस दिनाच्याच दिवशी कैरोचे लोक पोलिसी जुलमाविरुद्ध रस्त्यावर उतरले. तो शाहीनचा वाढदिवस होता.

त्याचे चित्रपट बघायचे असतील तर ‘बाब अल-हदीद’पासून सुरुवात करा. सव्वा तासाचा आहे, एका बैठकीत होतो. मग ‘अल-अर्द’, आणि तो मात्र सवडीने. घरात शेतीवर वाढलेलं कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवा. अरबी येण्याची गरज नाही. गाय रहाटात पडते तिथे तेच तुम्हाला सांगतील, दोर कुठून लावायला हवा होता.